बॉनेटवरचा स्कूप आणि वऱ्हाडचं ऊन

अमरावती-अकोला पट्ट्यातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात बॉनेटवर स्कूप बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाची अट बहुधा एकच असते : "भाऊ, जोड दिसाले नाई पाह्यजे." बॉनेटला चौकोन कापून त्यावर हवा घेणारं तोंड बसवणं हे चांगल्या मिस्त्रीसाठी फार वेळाचं काम नाही. पण तो स्कूप कारखान्यातूनच तसा आला असावा असं वाटायला हवं, आणि दोन उन्हाळे गेल्यावरही तसंच वाटायला हवं, ही मागणी थेट पदार्थविज्ञानाच्या दारात नेऊन उभी करते. आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या, २०२४ च्या मे अखेरीस उष्णतेपायी कलम १४४ लावावं लागलेल्या अकोला जिल्ह्यात हा पेपर जास्तच कठीण निघतो.

स्कूप मुळात असतो कशाला, हे आधी पाहू. आपल्या रस्त्यांवर तो ओळखीचा झाला तो नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओच्या पुढच्या आवृत्त्यांमुळे आणि २००९ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमुळे. या गाड्यांचा स्कूप शोभेचा नाही. त्यांच्या डिझेल इंजिनाला टर्बो आहे आणि टर्बो हवा दाबतो. दाबलेली हवा तापते : ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की ती १४० अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती सिलिंडरमध्ये जाण्याआधी इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. या गाड्यांत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला आहे. त्याला बाहेरचा वारा मिळावा म्हणून बरोबर त्याच्या वर बॉनेटला तोंड ठेवलं आहे.

साध्या पेट्रोल गाडीवर स्कूप लावणाऱ्याच्या मनात मात्र वेगळं चित्र असतं. गाडी वेगात धावते, वारा स्कूपमध्ये कोंबला जातो, इंजिनाला जास्त हवा मिळते, ताकद वाढते. हे चित्र आकड्यांवर टिकत नाही. धावत्या हवेला अडवलं की मिळणारा दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. ताशी १०० किमी वेगाला, वऱ्हाडातल्या उन्हाळी हवेच्या घनतेला, तो सुमारे ४०० पास्कल भरतो. वातावरणाचा दाब असतो साधारण ९७ हजार पास्कल. म्हणजे हवा कोंबण्याचा फायदा अर्धा टक्काही नाही. अमरावती ते अकोला दरम्यान लोणी ते माना हा ७५ किमीचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं गिनेस विक्रम केला. त्या गुळगुळीत रस्त्यावरही कायद्याच्या वेगात गाडी चालवली तर हे गणित बदलत नाही. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो हे खरं, पण तो वेग सार्वजनिक रस्त्याचा नव्हे.

खरा फायदा आहे तापमानात. रेडिएटरमधून आलेली आणि इंजिनाभोवती घुटमळणारी बॉनेटखालची हवा ७० अंशांपर्यंत सहज जाते. बाहेर ४५ अंश असतील तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा सुमारे ८ टक्के घन असते आणि तिच्यात ऑक्सिजनही तेवढाच जास्त. कुठे ०.४ टक्के आणि कुठे ८! ताकद लगेच ८ टक्क्यांनी वाढते असं मात्र समजू नये. इंधन किती सोडायचं हे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, आणि आजच्या बहुतेक गाड्या इंजिनाची हवा पुढच्या जाळीमागून, म्हणजे बाहेरूनच, घेतात. अशा गाडीला स्कूप नवं काहीच देत नाही. जुन्या, एअर फिल्टर थेट इंजिनावर बसवलेल्या गाड्यांना मात्र तो खरोखर उपयोगी पडतो. आकाराबद्दलही गैरसमज आहे. २ लिटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला जास्तीत जास्त ५० लिटर हवा ओढतं. ताशी १०० किमीच्या वाऱ्यातून तेवढी हवा घ्यायला १८ चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे ६ बाय ३ सेंटिमीटरचं तोंड पुरे. बॉनेटभर पसरलेल्या जबड्याची गरज इंटरकूलरला असते, फिल्टरला नव्हे.

जागा चुकली तर एवढाही फायदा हाती लागत नाही. गाडीच्या नाकावरून वर चढणारी हवा बॉनेटच्या पुढच्या भागावर वेग घेते आणि तिथला दाब वातावरणापेक्षा कमी होतो. तिथे नुसतं भोक पाडलं तर हवा आत येण्याऐवजी बाहेर ओढली जाईल. पुढच्या काचेच्या पायथ्याशी उलट घडतं : काचेला अडून हवा मंदावते आणि दाब वाढतो. केबिनमध्ये हवा घेणारी काळी जाळी वायपरखाली असते ती याचमुळे. १९७० च्या शेव्हर्ले शेव्हेल एसएसच्या बॉनेटवर काचेकडे तोंड केलेला, मागून हवा घेणारा उंचवटा मिळत असे. पाहणाऱ्याला तो उलटा बसवल्यासारखा वाटतो, पण शास्त्राच्या दृष्टीनं तो अगदी सुलटा आहे.

तोंड पुढे ठेवायचं असेल तर ते पत्र्याला चिकटवून चालत नाही. पृष्ठभागावरून जाणाऱ्या हवेचा तळाचा थर घर्षणानं रेंगाळतो. ताशी १०० किमी वेगाला, नाकापासून मीटरभर मागे हा मंद थर साधारण २ सेंटिमीटर जाड असतो. स्कूपचा खालचा ओठ त्याच्या वर असायला हवा. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचं रेडिएटरचं तोंड अंगापासून थोडं सुटं ठेवलेलं दिसतं, त्यामागे हेच कारण होतं. आपल्या गाडीवर हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बॉनेटभर बोटभर लांबीचे सुती धागे चिकटपट्टीनं लावावेत आणि शेजारी बसलेल्यानं मोबाइलवर चित्रण करावं. जिथे धागे सरळ मागे झोपतात तिथे हवा सुरळीत आहे. जिथे ते थरथरतात किंवा उलटे फिरतात तिथे स्कूप फुकट. दाब मोजायचा तर पारदर्शक नळीचा इंग्रजी यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरावं. ४०० पास्कल म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात ४ सेंटिमीटरचा फरक. बारावीच्या विद्यार्थ्याला सुटीत करता येईल असा हा प्रयोग आहे आणि बॉनेट कापण्याआधी तो प्रत्येकानं करावा असं मला मनापासून वाटतं.

आता जोड. इथे खरी कसोटी आहे.

बॉनेट हा एक पत्रा नसतो. वरचा दिसणारा पत्रा जेमतेम ०.७ मिमी जाड असतो. त्याखाली बरगड्यांची चौकट असते, आणि वरच्या पत्र्याची कड त्या चौकटीवर दुमडून दोन्ही एक केलेले असतात. बॉनेटचा ताठरपणा या चौकटीतून येतो. स्कूपसाठी वरचा पत्रा कापता येतो, पण बरगडी कापली की बॉनेट वेगात फडफडायला लागतं आणि कुलपावर ताण येतो. म्हणून आधी खालून बघायचं, बरगड्यांची जागा वर खडूनं उमटवायची, आणि स्कूपचं तोंड त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसवायचं. स्कूपच्या आवडीपायी बरगडी तोडणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी ते काम वाईटच.

बाजारात मिळणारे बहुतेक स्कूप फायबरचे, म्हणजे काचतंतू आणि पॉलिस्टर रेझिनचे असतात. ते स्वस्त, हलके, हवा तो आकार देणारे. मिस्त्री बॉनेटचा रंग खरवडतो, स्कूपची कड चिकटवतो, कडेवर काचेची मॅट आणि रेझिन चढवतो, वरून पुट्टी ओढतो, घासतो, रंगवतो. गाडी बाहेर येते तेव्हा जोड खरोखरच दिसत नाही. मग ऊन आपलं काम सुरू करतं.

पोलाद दर अंशाला एका मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं, फायबर सुमारे ३०. जानेवारीतल्या पहाटे बॉनेट १० अंशांवर असतं. मेच्या दुपारी उघड्यावर उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट, त्यात खालून इंजिनाची धग मिळाली की, ७५ अंशांवर जातं. ६० सेंटिमीटर लांबीच्या स्कूपचा हिशेब केला तर या ६५ अंशांत पोलाद जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतं, फायबर १.२ मिलिमीटरच्या आसपास. हा ०.७ मिलिमीटरचा फरक जाणार कुठे? तो जोडावरच्या पुट्टीत जातो. पुट्टी दाब सोसते, पण ताण सोसत नाही. रोज दुपारी ताणली जाते, रोज रात्री सैल पडते, आणि काही महिन्यांत रंगाखालून केसासारखी रेघ वर येते. लोक मिस्त्रीला दोष देतात. कितीही निगुतीनं घासलं असतं तरी ती रेघ आलीच असती, कारण भांडण दोन पदार्थांचं आहे.

फायबरचा दुसरा स्वभावही उन्हातच कळतो. पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं, आणि गॅरेजच्या सावलीत हे आकसणं पूर्ण होत नाही. पुढे गाडी उन्हात उभी राहिली की उरलेली प्रक्रिया सुरू होते. रेझिन आणखी आकसतं आणि आतल्या काचेच्या मॅटची नक्षी चकाकत्या रंगावर उमटते. साधं रेझिन ६०-७० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागतं हेही लक्षात घ्यावं. उपाय वऱ्हाडात फुकट आहे. स्कूप आणला की रंगवण्याआधी तो दोन-तीन आठवडे गच्चीवर, सपाट फळीवर आधार देऊन, मेच्या उन्हात ठेवावा. जे आकसायचं ते रंगाआधी आकसू द्यावं. मात्र यानं मॅटची नक्षी टळते, जोडाची रेघ टळत नाही.

म्हणून जोड खरोखर लपवायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे : पत्र्याला पत्राच जोडावा. स्कूपही पोलादी पत्र्याचा ठोकून घडवावा किंवा भंगारातल्या जुन्या बॉनेटवरून कापून घ्यावा. मग दोन्ही बाजू उन्हात सारख्याच वाढतात आणि सारख्याच आकसतात.

पण इथे उष्णता दुसऱ्या वाटेनं आडवी येते. ०.७ मिमीच्या पत्र्यावर वेल्डिंगची ठिणगी पडते तेव्हा तो ठिपका दीड हजार अंशांच्या आसपास वितळतो. तापलेला भाग पसरू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. मऊ झालेलं पोलाद मग पसरण्याऐवजी जागच्या जागी दबून जाड होतं. थंड होताना ते आकसतं आणि आता त्याला आधीपेक्षा कमी जागा लागते, म्हणून ते भोवतालचा पत्रा स्वतःकडे ओढतं. एका रेघेत सलग वेल्डिंग केलं तर ही ओढ साचत जाते आणि सपाट बॉनेटवर असा फुगवटा येतो की बोटानं दाबला की टक्कन आत, सोडला की टक्कन बाहेर. तो फुगवटा पुट्टीनं झाकणं म्हणजे आजार झाकणं.

जाणता मिस्त्री त्यामुळे घाई करत नाही. आधी चार कोपऱ्यांत एकेक टाका, मग त्यांच्या मधोमध, मग त्यांच्याही मधोमध. प्रत्येक टाक्यानंतर हात ठेवता येईल इतका पत्रा थंड होऊ द्यायचा. मग टाका घासून पत्र्याच्या पातळीला आणायचा आणि खालून लोखंडी ठोकळा धरून वरून हलक्या हातोडीनं ठोकायचा. या ठोक्यानं जोडातला जाड झालेला धातू पातळ होऊन पसरतो आणि आकसताना ओढलेली जागा परत देतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर जे मठारकाम चालतं त्याच जातीचं हे काम आहे : ठोक्यानं धातू सरकवायचा, तोडायचा नाही. सीओटू वेल्डिंगचा टाका कडक असतो, ठोकायला त्रास देतो. गॅसचा टाका मऊ, पण तो पत्र्याचा मोठा भाग तापवतो. कुठला पत्करायचा हे मिस्त्रीच्या हातावर सोडावं.

आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते. आजच्या बहुतेक बॉनेटच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी ते धूर होऊन उडून जातं. तो धूर छातीत जाऊ नये म्हणून मिस्त्रीनं उघड्यावर आणि योग्य मास्क लावून काम करावं. मागे उरतो उघडा पत्रा. वरून त्याला प्रायमर मिळतो, पण जोडाची खालची बाजू कोणी बघत नाही. पहिल्या पावसाळ्यात गंज तिथून सुरू होतो. पुट्टीत टाल्कची पूड असते आणि ती ओल शोषते, त्यामुळे गंज वरपर्यंत फुगून येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना आधी इपॉक्सी प्रायमर, मगच पुट्टी, आणि पुट्टी २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नाही. उन्हाळ्यात पुट्टी झपाट्यानं सुकते, म्हणून थोडीथोडी कालवावी. लवकर काम उरकायला हार्डनर जास्त टाकला तर त्यातला पेरॉक्साइड पुढे रंगातून डाग होऊन वर येतो.

एवढं सगळं नीट केलं तरी जोड डोळ्याला का दिसतो? कारण चकाकत्या बॉनेटवर डोळा उंची पाहत नाही, प्रतिबिंब पाहतो. आरशाचा साधा नियम : पृष्ठभाग एक अंशानं कलला तर परतणारा किरण दोन अंशांनी वळतो. ५ मीटरवरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यानं १७ सेंटिमीटर सरकतं. जोडावर पृष्ठभागाचा कल एकदम बदलला तर ट्यूबलाइटची सरळ रेघ तिथे मोडलेली दिसते, मग उंचीचा फरक केसाएवढाही नसेना का. मोटार कंपन्यांचे डिझायनर संगणकावर गाडीच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडून हेच तपासतात. पट्टे जोडावर मोडायला नकोत, आणि एकदम वाकायलाही नकोत. दोन पृष्ठभागांचा कल जुळणं पुरेसं नाही. त्यांची वक्रताही हळूहळू एकमेकींत मिसळावी लागते.

यातून मिस्त्रीसाठी दोन कामाच्या गोष्टी निघतात. स्कूपची कड दोन बोटांच्या रुंदीत उतरवून संपवू नये, १०-१५ सेंटिमीटरपर्यंत पसरू द्यावी. घासायलाही लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून तिरपे हात मारावेत, बोटांनी घासलं की खळगे पडतात. दुसरी गोष्ट अधिक शहाणपणाची : बॉनेटवर मूळची ठळक घडी असेल तर जोड तिथेच संपवावा. घडीवर प्रतिबिंब मोडतंच, तिथे डोळा तक्रार करत नाही.

आणि हात. जुने डेंटर डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतात ते उगाच नाही. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सरकत्या बोटाला १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता येतात. ओल्या पत्र्यावर किंवा पातळ सुती कापडावरून हात फिरवला तर घर्षण कमी होऊन उंचसखलपणा आणखी स्पष्ट कळतो. ही विद्या आयटीआयच्या वर्गात सुरू होते, पण पक्की होते वर्षानुवर्षांच्या हातानं. आपल्याकडे तिची मजुरी फारच कमी लेखली जाते आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पत्र्याचं काम परवडत नसेल तर फायबरचा स्कूप खुशाल घ्यावा, पण जोड लपवण्याचा हट्ट सोडावा. कडेला रबरी बीडिंग देऊन तो बोल्टनं बसवावा आणि बोल्टची भोकं किंचित मोठी ठेवावीत, म्हणजे दोन्ही पदार्थ आपापल्या मर्जीनं वाढतील-आकसतील. उघडा, स्वच्छ जोड तडकलेल्या लपवलेल्या जोडापेक्षा केव्हाही सुंदर. स्कूप थेट फिल्टरला जोडला असेल तर मध्ये पाणी गळून जाईल अशी वाट ठेवलीच पाहिजे. वऱ्हाडातली काळ्या मातीची धूळ आणि पावसाचं पाणी मिळून फिल्टर गच्च भरायला वेळ लागत नाही.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. सुरक्षेचा मुद्दा त्याहून मोठा. धडक बसलेल्या पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आदळतं तेव्हा पत्र्यानं वाकून धक्का शोषावा अशी त्याची रचना केलेली असते. धारदार कडेचा ताठ स्कूप ती रचना निकामी करतो. चालकाला समोरचं पोर दिसणार नाही इतका उंच स्कूप तर कुणीच बसवू नये.

गाडी अमरावतीच्या एमएच २७ ची असो की अकोल्याच्या एमएच ३० ची, कटर चालवण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. होकार मिळाला तर भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं जुनं बॉनेट आणा आणि सगळी कापाकापी त्यावर करा. मूळ बॉनेट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्या. चार बोल्ट काढले की ते परत बसतं.